फूल भरणाऱ्याचा हात

आमच्या फलटणच्या घरात 'चिनी' हा शब्द स्वयंपाकघरात आणि अंगणात असायचा. आजीच्या लोणच्याच्या बरण्या चिनी मातीच्या, आणि कुंडीतला गुलाब चिनी गुलाब. पुढे कळलं की चिनी गुलाब मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्या जाडजूड, वरून तपकिरी, खालून पांढऱ्या बरण्यांचा चीनशी संबंध फक्त नावापुरता. आपल्याकडे 'चिनी' म्हणजे बाहेरून आलेलं आणि घरचं होऊन गेलेलं काहीतरी. खरी चिनी फुलदाणी मी नीट बघितली ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

मी कलेचा अभ्यासक नाही. कम्प्युटर इंजिनिअरिंग केलंय, पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. क्लायंटकडे मीटिंगसाठी मुंबईला गेलो होतो, काम दुपारीच आटपलं, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो. तिथे चिनी आणि जपानी कलेचं दालन आहे. त्यातल्या पोर्सेलिनचा मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या दोन भावांच्या संग्रहातून आलाय. रतन टाटांचा संग्रह संग्रहालय सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे १९२१-२२मध्ये मिळाला, दोराबजींचा १९३३ साली.

एका निळ्या-पांढऱ्या फुलदाणीसमोर मी थांबलो. पांढऱ्या अंगावर निळ्या रंगात फुलांची फांदी. सवयीनं आधी चित्रकाराचं नाव शोधलं. ही सवय औंधची. शाळेत असताना आमची सहल आपल्याच जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात गेली होती. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार राजे, त्यांनी १९३८ साली उभारलेलं हे संग्रहालय. तिथे सरांनी आम्हाला 'हे रविवर्म्याचं' असं बोट दाखवून सांगितलं, आणि चित्र म्हटलं की 'कुणाचं?' हा प्रश्न डोक्यात बसला. इथे त्याला उत्तर नव्हतं. देश कळतो, राजवट कळते, कुणाच्या संग्रहातून आलं तेही कळतं. फूल काढणारा कळत नाही. आणि हा काही संग्रहालयाचा दोष नाही. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात जा, अशा बहुतेक भांड्यांबद्दल ती नोंद मुळात झालेलीच नाही.

मला हे इतकं का लागलं, त्याला कारण आहे. दोन महिने आधी मी आईला एक वाक्य बोलून बसलो होतो.

आई घरी ब्लाउजवर आरीचं काम करते. पुण्याच्या एका दुकानातून कापड येतं, सोबत बटर पेपरवरचा खाका येतो. खाक्याला टाचणीची भोकं पाडलेली असतात, त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली पावडर फिरवली की कापडावर ठिपक्यांची फुलं उमटतात. मग आई फ्रेमला कापड ताणून ती फुलं रेशमानं भरते. एकदा तिनं फोनवर त्या दुकानाच्या पेजवरचा फोटो दाखवला. "हे बघ, हे माझं." मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणालो, "अगं, डिझाइन त्यांचं, कापड त्यांचं. तू फक्त भरलंयस." ती काही बोलली नाही. रीळ गुंडाळून ठेवलं आणि कुकर लावायला गेली.

त्या फुलदाणीपाशी मला पहिल्यांदा वाटलं, 'फक्त भरणं' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक तरी आहे का? परत आल्यावर दोन-तीन महिने मिळेल ते वाचत गेलो, मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइटवरचे फोटो झूम करून बघत बसलो. त्यातून माझं एक मत झालंय, तेच इथे मांडतोय: चिनी फुलदाण्यांवरच्या फुलांचा जीव रेषेत जितका आहे, त्याहून जास्त भरण्यात आहे. आणि ही चित्रं 'नक्षीकाम' म्हणून बाजूला सारताना आपण नेमकं तेच बघायचं सोडतो.

आधी माध्यम समजून घेऊ. चीनच्या च्यांगशी प्रांतात चिंगदेचन नावाचं गाव आहे. पोर्सेलिनची राजधानी. जवळच काओलिंग नावाची जागा, तिथली पांढरी माती म्हणजे आज जगभर ज्याला 'केओलिन' म्हणतात ती. ही माती आणि एक प्रकारचा दगड कुटून, एकत्र करून, साधारण १३०० अंश सेल्सियसला भाजला की पोर्सेलिन तयार होतं. आजीची बरणी आणि हे यात फरक असा, की पोर्सेलिन पातळ असेल तर त्यातून उजेड झिरपतो, आणि टिचकी मारली तर ते घंटेसारखं वाजतं.

निळी फुलं काढायची पद्धत ऐकून तर मला घामच फुटला. भांडं नुसतं वाळलेलं असतं, भाजलेलं नसतं. त्या कच्च्या अंगावर कोबाल्टचा रंग कुंचल्यानं लावायचा. कच्ची माती टीपकागदासारखी रंग पिते. कुंचला टेकला की टेकला. खोडून काढायची सोय नाही. शिवाय लावताना हा रंग निळा दिसतच नाही, काळपट दिसतो. वरून झिलई चढवायची, भट्टीत घालायचं, आणि भट्टी उघडली की तो निळा होऊन बाहेर येतो. म्हणजे रंगवणारा जो निळा रंग मनात धरून हात चालवतोय, तो त्याला समोर दिसतच नाहीये. आम्ही कोड लिहिताना दर पाच मिनिटांनी रन करून बघतो. इथे एकदाच रन, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं, भट्टीत.

ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या प्रसिद्ध 'डेव्हिड' फुलदाण्यांच्या जोडीवर १३५१ सालची तारीख लिहिलेली आहे. तेव्हाच हे काम किती पक्कं झालं होतं ते त्या जोडीवरून दिसतं.

दुसरी पद्धत रंगीत फुलांची. इथे भांडं आधी झिलईसकट पूर्ण भाजून घेतात, मग वरून मिन्याचे रंग लावून साधारण ७०० ते ८०० अंशांना पुन्हा भाजतात. खांगशी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) यात हिरव्या रंगाचं राज्य होतं. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस दोन नवे रंग आले. एक गुलाबी, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होणारा. दुसरा दाट, अपारदर्शक पांढरा, शिसं आणि आर्सेनिक यांच्यापासून होणारा. सोन्यापासून गुलाबी रंग करायची युक्ती युरोपातली. तिथले मिशनरी सम्राटाच्या दरबारात होते, त्यांच्याबरोबर ती आली. चिनी लोक या रंगांना 'परदेशी रंग' म्हणत. आज आपण ज्या गुलाबी पिओनीला एकदम 'चायनीज' म्हणतो, तिचा गुलाबी चिंगदेचनमध्ये परका होता. चिनी गुलाबासारखीच गोष्ट, फक्त उलट्या दिशेची.

पांढऱ्या रंगानं मोठा फरक पडला. आधीचे रंग काचेसारखे पारदर्शक, त्यात पाकळी म्हणजे एक सपाट रंग. आता पाकळीवर पांढऱ्याचा थर द्यायचा, त्यावर गुलाबी ठेवायचा आणि ओल्या कुंचल्यानं तो कडेकडे विरळ करत न्यायचा. देठाशी गडद, टोकाला जवळजवळ पांढरी अशी पाकळी यामुळे शक्य झाली. हे काम कुणाचं? भरणाऱ्याचं. रेषा तिथे इतकी पुसट असते की नसल्यासारखीच.

आता ते गाव कसं चालायचं ते बघू. फ्रान्स्वा झाविए दांत्रकोल नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री चिंगदेचनला राहिला होता. १७१२ आणि १७२२ साली त्यानं तिथल्या कामाची खडान्‌खडा माहिती पत्रांतून युरोपला कळवली. तो सांगतो, एक कारागीर फक्त काठाखालची रंगीत रेघ ओढतो. दुसरा फुलांची आखणी करतो, तिसरा ती रंगवतो. कुणी फक्त डोंगर आणि पाणी काढतो, कुणी फक्त पक्षी. एक भांडं सत्तर हातांतून जातं असं त्याला सांगण्यात आलं होतं.

दुसरा साक्षीदार आतला माणूस आहे. थांग यिंग हा १७२८पासून चिंगदेचनच्या शाही भट्ट्यांच्या कारभारावर होता. १७४३ साली छ्येनलोंग सम्राटानं त्याला पोर्सेलिन बनवण्याच्या वीस चित्रांवर टिपणं लिहायला सांगितली. वाट्या-थाळ्यांच्या निळ्या चित्रकामाबद्दल तो म्हणतो, आखणारे फक्त आखायला शिकतात, रंग भरायला नाही. भरणारे फक्त भरायला शिकतात, आखायला नाही. त्यामुळे हात तयार होतो आणि मन भरकटत नाही. दोघांना बसवायचं मात्र एकाच घरात, म्हणजे सगळा माल एकसारखा निघतो.

हे वाचताना मला आमचं ऑफिस आठवलं. फ्रंटएंडवाले वेगळे, बॅकएंडवाले वेगळे, टेस्टिंग वेगळं, आणि सगळे एका मजल्यावर. पूर्ण ॲप मी कधी लिहिलेलं नाही. कुणीच लिहिलेलं नसतं. थांग यिंगचं ते वाक्य एका मॅनेजरचं वाक्य आहे. त्याला एकसारखेपणा हवाय. भरणाऱ्याला आयुष्यभर स्वतःचं एकही अख्खं फूल काढायला मिळालं नाही, त्याचं काय वाटलं असेल, हे त्याच्या टिपणात येत नाही.

दांत्रकोल तर आणखी पुढे जातो. चित्रकारही इतर मजुरांइतकेच गरीब आहेत, त्यांच्या कामामागे शास्त्र नाही, घोटून घोटून आलेली सवय आहे, असा त्याचा शेरा आहे. त्याच पत्रात ही फुलं आणि पक्षी लोकांना आवडतात, हेही तो कबूल करतो. मला त्याच्यावर राग काढायचा होता, पण मीही आईला तेच म्हणालो होतो. फक्त तीन शब्दांत.

तर मग, पाद्रीबुवा आणि मी कुठे चुकलो?

खांगशी काळातली निळी फुलं जवळून बघा. फोनवर बघत असाल तर झूम करा. एकाच पाकळीत निळ्याच्या चार-पाच छटा दिसतील. रंग एकच, कोबाल्ट. छटा येतात पाण्यानं. भरणारा पाणीदार रंगानं भरलेला मोठा कुंचला घेतो आणि रंगाचा थेंब आखलेल्या रेषेच्या आत हाकत नेतो. माती तो थेंब सारखी पीत असते. थांबलं तर डाग पडतो, घाई केली तर पाकळी फिकी राहते, हात जड झाला तर रंग रेषेबाहेर. सगळे निर्णय एका श्वासात. आखणाऱ्यानं सांगितलं, पाकळी इथे आहे. ती उन्हाकडे वळलीये का सावलीकडे, ताजी आहे का मलूल, हे भरणाऱ्यानं ठरवलं. दांत्रकोल ज्याला सवय म्हणतो, ती हातात मुरलेली निर्णयक्षमता आहे. शास्त्रीय गायकाच्या रियाजाला आपण नुसती सवय म्हणत नाही.

मिन्याच्या रंगांबद्दल खुद्द थांग यिंगच पुढे लिहितो, की या कामाला नजर स्वच्छ, चित्त एकाग्र आणि हात स्थिर लागतो. आणि चित्रकार आधी रंगांचा स्वभाव आणि आचेचा अंदाज यावा म्हणून पांढऱ्या तुकड्यावर रंगवून, भाजून बघतात. म्हणजे टेस्टिंग. ज्याला फक्त हुकूम पाळायचाय त्याला हे करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. कागद सपाट असतो, फुलदाणीला मान, खांदा, पोट असतं. खांद्यावरचं फूल बघणाऱ्याकडे झुकतं, पोटावरचं फुगतं, पायाकडचं आकसतं. एकाच फांदीवरची तीन फुलं सारखी दिसायला हवी असतील तर ती सारखी काढून चालत नाही. आणि फांदी गोल फिरून मागे जाते. या चित्राला सुरुवात नाही, शेवट नाही, चौकट नाही. योंगचंग सम्राटाच्या काळात (१७२३ ते १७३५) वाट्या-थाळ्यांवर तर फांदी बाहेरच्या बाजूला उगवते, काठावरून चढते आणि आतल्या बाजूला येऊन फुलते. अशा थाळीचा फोटो काढला तर त्यात अर्धंच चित्र येतं.

तिसरी गोष्ट अर्थाची. ही फुलं बागेतून मन मानेल तशी उचललेली नाहीत. पिओनी म्हणजे वैभव आणि मानमरातब. पिओनी वसंताची, कमळ उन्हाळ्याचं, शेवंती शरदाची, प्लमचं फूल हिवाळ्याचं. चिनी भाषेत फुलदाणीला 'फिंग' म्हणतात, आणि शांतता या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच. म्हणून चार ऋतूंची फुलं असलेली फुलदाणी कुणाला दिली, तर 'तुला बारा महिने सुखशांती लाभो' हे न बोलता सांगून झालं. आपल्याकडे चैत्रांगणाच्या रांगोळीत ठरलेली चिन्हं ठरलेल्या अर्थानं काढतात, तसंच. ती रांगोळी कुणी शोधून काढली असं आपण विचारत नाही. पण कुणाचा हात चांगला आहे, हे सगळ्या आळीला माहीत असतं.

माझी आवडनिवडही सांगून टाकतो. छ्येनलोंगच्या काळात (१७३६ ते १७९५) 'शंभर फुलं' म्हणून ओळखला जाणारा प्रकार भरभराटीला आला. सगळं भांडं फुलांनी गच्च, मधे पांढरी जागाच नाही. कौशल्य अफाट आहे, पण मला तिथे गुदमरायला होतं. प्रत्येक भरणाऱ्यानं आपलं फूल उत्तम भरलंय, आणि कुणीच थांबलेलं नाही. आमच्या ॲपमध्ये दर रिलीजला एक नवं फीचर येतं, तसं. योंगचंग काळातली फुलं मला जास्त जवळची. एक फांदी, दोन-तीन फुलं, आणि भोवती मोकळं पोर्सेलिन. तिथे भरणाऱ्याला लपायला जागा नाही, एक पाकळी बिघडली तर अख्खं भांडं बिघडलं.

त्याच काळातली, पीचच्या फांदीचं चित्र असलेली एक फुलदाणी अमेरिकेतल्या एका घरात वर्षानुवर्षं टेबललॅम्पचा पाया म्हणून वापरात होती. २००२ साली हाँगकाँगच्या लिलावात तिला सुमारे ४ कोटी १५ लाख हाँगकाँग डॉलर मिळाले, आणि पुढे ती शांघायच्या संग्रहालयाला भेट दिली गेली. या सगळ्या प्रवासात फुलदाणीवरचं चित्र तेच होतं. बदललं ते बघणाऱ्यांनी दिलेलं मोल.

हे सगळं लिहून मी त्या कारागिरांचं आयुष्य गोड करून सांगतोय, असं वाटू नये. शाही भट्टीच्या भांड्यांच्या बुडाशी सहसा सहा अक्षरं असतात. 'महान छिंग राजवटीत, छ्येनलोंगच्या काळी केलेलं.' नाव आहे, पण सम्राटाचं. बीजिंगच्या राजवाड्यात रंगवलेल्या मोजक्या भांड्यांच्या काही चित्रकारांची नावं दप्तरात सापडतात, भांड्यावर नाहीत. 'निनावी कारागिराची निःस्वार्थ साधना' वगैरे लिहायला छान वाटतं, पण नाव न लावणं ही त्यांची निवड होती असं मानायला आधार काय? काम सुंदर आहे हे खरं. त्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा झालं हेही खरं. पहिल्या गोष्टीनं दुसरी फिटत नाही.

हीच फुलं मुंबईत कापडावरूनही आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात, आणि येताना चिनी भरतकामाचं रेशीम आणत. त्यातून पारशी गारा साडी आली. तिच्यावर पिओनी, शेवंती, कमळ अशी तीच फुलं, रेशमानं भरलेली. त्या साड्याही घराण्यांच्या नावानं ओळखल्या जातात, भरणाऱ्यांच्या नाही.

गेल्या महिन्यात फलटणला गेलो तेव्हा आई फ्रेमवर बसली होती. मी तिला त्या निळ्या फुलदाणीचा फोटो दाखवला आणि पाकळी मोठी केली. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"आधी रेघ मारतात का आधी रंग?"

"रेघ. आणि रेघ मारणारा वेगळा, रंग भरणारा वेगळा."

"ते दिसतंयच," ती म्हणाली. "इथं बघ, रेघ एवढी धड नाहीये. भरणारीनं सांभाळून घेतलंय." मग एका पानावर बोट ठेवलं. "आणि इथं रंग बाहेर गेलाय. तसाच ठेवलाय."

"पुसता येत नाही त्यात."

"मग हात चांगलाच म्हणायचा."

मी म्हणालो, "आई, त्या दिवशी मी ते 'फक्त भरलंयस' म्हणालो ना..."

"हं," ती म्हणाली. फोन माझ्याकडे दिला नाही. भरतकामवाली बायका कुठलंही काम आधी उलटं करून बघतात, दोऱ्याच्या गाठी मागे कशा टाकल्यात त्यावरून हात कळतो. तिनं बोटानं फोटो डावीकडे सरकवला, मग उजवीकडे.

"याची मागची बाजू कुठाय?"

ती मी काढलीच नव्हती. पुढच्या वेळी मुंबईला जाईन तेव्हा तिला बरोबर नेणार आहे.